पोपटरावांच्या नावावर

पहिला दगड काच फोडून आत आला आणि नकुशीच्या भाकरीवर पडला. दुसरा भिंतीला लागला, तिसऱ्यानं भिंतीवरच्या घड्याळाचा चुराडा केला. नकुशीनं आधी आपली शाल ओढून मोठ्या संगणकावर टाकली, त्याला काचा लागू नयेत म्हणून, आणि मग स्वतः टेबलाखाली शिरली. आधी यंत्र, मग जीव! असल्या बाईला काय म्हणावं? पण कारखान्यातलं ते यंत्र तिच्या हातात आल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता, आणि त्याआधीच्या आयुष्यात हात न लावलेला एक आठवडा तिला दाखवता आला नसता.

ती राहू गावच्या म्हस्कूची चौथी मुलगी. म्हस्कूच्या बापानं मेंढरांमागं जन्म काढला, म्हस्कूनं मेंढरं मोडून शेती धरली, पण हातातली काठी काही सोडली नाही. चौथ्या खेपेलाही मुलगीच झाली म्हणून त्यानं तिचं नाव नकुशी ठेवलं. असलं नाव ठेवणाऱ्याच्या खरं तर तिथल्या तिथं थोबाडीत द्यायला हवी होती. पण त्याला कुणी काही बोललं नाही आणि मार पोरीनं खाल्ला. शेळीनं ऊस खाल्ला की मार, शाळेतून यायला उशीर झाला की मार, दहावीला पास झाली तेव्हाही मार, कारण निकालाच्या नादात चूल विझली होती. तिच्या डाव्या भुवईवरचा व्रण त्या निकालाचा आहे.

मग दौंडला रेल्वेतल्या एका खलाशाशी लग्न झालं. तो पट्ट्यानं मारायचा. नकुशीनं तीन वर्षं सोसलं. चौथ्या वर्षी त्यानं तिची बोटं दाराच्या फटीत धरून दार लावलं, तेव्हा तिनं दुसऱ्या हातानं चुलीवरचं उलथनं उचललं आणि त्याच्या मनगटावर टेकवून धरलं. रेल्वे कॉलनीतल्या बायका अजून सांगतात, तो असा ओरडला की त्यांना वाटलं यार्डात कुणी गाडीखाली आलं. नकुशी त्याच पावली बाहेर पडली. दौंडातच एका टायपिंगच्या वर्गात नुकताच संगणक आला होता. तिथं ती झाडलोट करायची आणि शिकायची. घोड नदीच्या बाजूला असलेल्या साखर कारखान्यात तिला चिकटवलं ते तिथले शेती अधिकारी रंगनाथआप्पा यांनी. म्हस्कूच्या ओळखीचे होते. ‘‘पोरगी भांडकुदळ हाय, पण डोकं हाय तिला,’’ असं त्यांनी साहेबांना सांगितलं. त्या एका वाक्यावर तिचं पोट चालत होतं आणि ती ते विसरलेली नव्हती.

कारखान्यात एक मोठा संगणक होता आणि त्याला तारांनी जोडलेले आठ पडदे. फाटकावर एक, वजनकाट्यावर दोन, स्टोअरमध्ये एक, असे. पुण्याच्या अभियंत्यानं त्यावर लिनक्स बसवलं होतं. प्रत्येकानं आपापल्या नावानं आत शिरायचं आणि आपलं काम करायचं. जो जे काम चालू करील त्यावर त्याच्या नावाचा शिक्का बसायचा. सगळ्यांची चालू कामं एकदम मागितली तर पडदाभर ओळी सरसर निघून जात, डोळ्यांना काही लागत नसे. म्हणून अभियंत्यानं नकुशीला एकेका माणसाची कामं वेगळी काढायला शिकवलं होतं. ‘पीएस’ लिहायचं, एक जागा सोडायची, छोटी आडवी रेघ, तिला लागून ‘यू’, पुन्हा जागा आणि पुढं माणसाचं नाव. मग फक्त त्या माणसाच्या नावावर चाललेली कामं खाली येतात. ओळीत आधी कामाचा क्रमांक, मग ते कुठल्या पडद्यावरून चालू केलंय ते, मग वेळ, आणि शेवटी कामाचं नाव. नकुशीला हे फार आवडलं होतं. कोण कुठं काय करतोय हे आपल्याला कळतं आणि आपल्यावर कुणी काठी उगारत नाही, यापेक्षा चांगलं आयुष्य तिच्या कल्पनेत नव्हतं.

पण माणसं यंत्राच्या मनासारखी थोडीच वागतात! काट्यावर सर्वांत जुने होते पोपटराव, सगळ्यांचे आबा. इनामगावचे, माळी, घरी शेवंतीचा मळा. दर हंगामाला काट्याची पूजा त्यांच्या हातून व्हायची आणि पहिली गाडी त्यांनीच तोलायची, अशी रीत होती. संगणक आल्यावर पहिलं वजन साहजिकच त्यांच्या नावावर चढलं. एका हंगामात काट्यावरच्या दुसऱ्या कारकुनानं तिसऱ्या दिवशी स्वतःच्या नावानं काटा उघडला आणि त्याच दुपारी उसाचा ट्रक काट्यावर कलंडून एका हमालाचे दोन्ही पाय चेंगरले. झालं! तेव्हापासून हंगाम संपेपर्यंत आबांचंच नाव, दुसऱ्याच्या नावानं काटा उघडायचा नाही. काट्यावरचे तिघं, फाटकावरचा कारकून, स्टोअरकीपर, सगळे पोपटराव होऊन काम करायला लागले. त्यांचा सांकेतिक शब्द काट्याच्या खोलीत खडूनं दारामागं लिहिलेला होता. नकुशीला हे सगळं ठाऊक होतं. तिनं दोनदा भांडण काढलं, मग सोडून दिलं, आणि काही अडलं तर तीही त्याच नावानं आत शिरायला लागली.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत कारखान्याची चाकं बिघडली आणि रांग तीन किलोमीटर लांबली. फाटकावर प्रत्येक गाडीला नंबर मिळायचा आणि पुढं कोण जाणार हे कर्ण्यावरून पुकारलं जायचं. रांग कधी हलेल सांगता येत नाही, म्हणून गाडीवाल्यांनी बैल जुंपलेलेच ठेवले होते. दीड दिवस बैल उन्हात ओझ्याखाली उभे होते. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मागून आलेले ट्रॅक्टर काट्यावर चालले होते. संचालकांच्या पाहुण्यांचे ट्रॅक्टर, हे न सांगता कळतं. अकराच्या सुमारास धुरपदाचा बैल गुडघ्यावर आला, तोंडातून फेस आला आणि जुवातच मान टाकून मेला. धुरपदा आष्टीकडची ऊसतोडणी करणारी बाई. नवरा तापानं खोपीत पडलेला, गाडी तीच हाकत होती. ती रडली नाही. बैलाच्या मानेजवळची जुवाची शिवळ तिनं उपसली, हातभर लांब लोखंडी गज तो, आणि कार्यालयाकडं निघाली. दोनशे माणसं तिच्या मागं निघाली.

फाटक राहिलं अर्ध्या मैलावर, तिथं काही कळलंही नाही. आवारात मात्र लोकांनी हाताला येईल ते फोडलं. पहारेकऱ्यानं काठी आडवी धरली तर त्याचीच काठी हिसकून त्याचं डोकं फोडलं. स्टोअरकीपरला जिन्यावरून लाथ घालून खाली लोटलं, तो पालथा पडला आणि त्याच्या पाठीवरून माणसं वर गेली. मग संगणकाच्या खोलीचं दार मोडलं, आणि नकुशीला केसाला धरून टेबलाखालून ओढून काढलं.

‘‘नंबर कोण फिरवतंय?’’ धुरपदानं विचारलं. तिचा आवाज मुळीच चढलेला नव्हता. शिवळेचं टोक नकुशीच्या गळ्याला लागलं होतं.

‘‘मला न्हाई ठावं, बाई.’’

‘‘ह्या डबड्याला ठावं हाय न्हवं? त्याला इचार.’’

नकुशीनं संगणकावरची शाल काढली. पहिल्यांदा अक्षरं चुकली. नंबर पुढंमागं करणारं एक काम होतं, त्याचं नाव ‘क्रम’. एखादी गाडी वाटेत उलटली तर तिचा नंबर काढायला ते ठेवलेलं होतं, एरवी त्याला कुणी हात लावायचा नाही. तिनं स्टोअरकीपरचं नाव घालून बघितलं, काही नाही. फाटकावरच्या कारकुनाचं घातलं, एक ओळ नाही. काट्यावरच्या दुसऱ्या माणसाचं घातलं, रिकामं. असणार कुठून? सगळे तर एकाच नावात शिरून बसलेले. मागून कुणीतरी तिच्या पाठीत गुद्दा घातला. तिनं पोपटरावांचं नाव घातलं. अकरा ओळी आल्या, आणि सातव्या ओळीत शेवटी होतं ‘क्रम’.

‘‘कुणाचं नाव हाय?’’

इथं तिनं सांगायला हवं होतं की बायांनो, बाबांनो, नाव आबांचं आहे, पण त्या नावाखाली आम्ही सहाजण आहोत आणि त्यात मीपण आहे. तिला हे माहीत होतं. नंतर तिनं स्वतःलाही असं कधी समजावलं नाही की त्या क्षणी आठवलं नाही. आठवलं होतं. पण गळ्याला लोखंड लागलेलं असताना माणूस लांब वाक्य बोलत नाही, सगळ्यात छोटं बोलतो.

‘‘पोपटराव,’’ ती म्हणाली.

खोली क्षणात रिकामी झाली. नाव जिन्यावरून खाली गेलं, आवारात पसरलं, आणि बघताबघता दोनशे तोंडांतून परत आलं. नकुशी खुर्चीत बसून राहिली. तिनं पुन्हा तीच ओळ लिहिली, पोपटरावांच्या नावानं. का लिहिली कुणास ठाऊक, हाताला सवय म्हणून असेल. ‘क्रम’ अजून होताच. पण त्याच्या पुढचा क्रमांक बदललेला होता. म्हणजे आधीचं काम संपलं होतं आणि आत्ता, या मिनिटाला, कुणीतरी ते नव्यानं चालू केलं होतं.

तिनं फुटक्या खिडकीतून खाली पाहिलं. पोपटराव काट्याच्या खोलीतून आपण होऊन बाहेर आले होते. हात जोडलेले होते. लोकांना समजावायला आले असणार, छप्पन्न वर्षं समजावूनच निभावलेला माणूस तो. पहिला उसाचा दांडका त्यांच्या जोडलेल्या हातांवरच बसला. दुसरा तोंडावर. टोपी उडाली. ते खाली बसले तसं कुणीतरी त्यांना सदऱ्याला धरून उभं केलं, कारण बसलेल्या माणसाला नीट मारता येत नाही. नकुशीनं तसा मार खाल्लेला होता, म्हणून तिला ते लगेच कळलं.

तिनं पडद्याकडं पाहिलं, आणि या वेळी मधला रकाना वाचला. काट्याचे पडदे एक आणि दोन. फाटकाचा तीन. ‘क्रम’समोर होता सात. सात नंबरचा पडदा रंगनाथआप्पांच्या केबिनमध्ये होता. केबिन मागच्या इमारतीत, जाड कापडी पडद्यांच्या आड. बाहेर माणूस मरत होता आणि हे महाशय गर्दी तिकडं गुंतलीय तोवर उरलेले ट्रॅक्टर पुढं सरकवून घेत होते. अशा माणसाला काय म्हणायचं ते मी लिहीत नाही, छापता येणार नाही.

नकुशी जिन्यावरून पळत खाली आली. ‘‘ते न्हाईत! सोडा त्यांना! आबांनी न्हाई केलं!’’ ती ओरडत होती, पण तिथं प्रत्येकजणच ओरडत होता. तिनं एकाच्या मनगटाला चावा घेतला, एकीच्या झिंज्या ओढल्या, कोपरांनी वाट काढली आणि पोपटरावांच्या अंगावर जाऊन पालथी पडली. त्यांचं तोंड रक्तानं भरलं होतं. उजव्या हाताची बोटं कुणीतरी दगडावर ठेवून ठेचली होती, नंबर फिरवणारा हात म्हणून. आता मार तिच्या पाठीवर पडायला लागला. दांडके, लाथा, चपला. एक लाथ बरगडीत बसली आणि तिचा श्वासच अडकला.

तेवढ्यात कर्णा खरखरला.

‘‘नंबर चारशे बारा. चारशे बारा, काट्यावर या.’’

फाटकावरचा कारकून बिचारा पडद्यावर येईल तो आकडा वाचत होता, त्याला इथलं काय ठाऊक! लोकांचे हात वरच्या वर राहिले. रांगेत अजून दोनशे चाळीसावा नंबर चालू होता, हे तिथल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं. पार शेपटाला एका ट्रॅक्टरनं धडधडत इंजिन चालू केलं आणि तो रांगेबाहेर निघाला. आणि ज्यानं नंबर फिरवला म्हणून मारलं तो माणूस तर समोर मातीत पडलेला, ठेचलेल्या बोटांचा.

एका म्हाताऱ्या गाडीवानानं हातातला ऊस खाली टाकला आणि धोतराला हात पुसले.

धुरपदा पुढं आली. तिनं नकुशीचं तोंड वर केलं. ‘‘मंग कोन?’’

नकुशीला माहीत होतं. सात नंबरचा पडदा, मागची इमारत, डावीकडचं तिसरं दार. सांगायला तीन शब्द लागले असते. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी तिला सांगावंसं फार वाटलं. आप्पाची बोटंसुद्धा दगडावर ठेवलेली तिला बघायची होती. पण तिच्या हाताखाली पोपटरावांची छाती घरघरत होती.

‘‘पोलिसाला सांगते,’’ ती म्हणाली. ‘‘तुमास्नी आता कुनाचंच नाव सांगनार न्हाई.’’

‘‘माझा बैल मेला गं!’’ धुरपदा पहिल्यांदाच किंचाळली. ‘‘माझा बैल मेला, आन् तू मला नाव सांगत न्हाईस?’’

‘‘न्हाई सांगत.’’

शिवळ खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज आजूबाजूच्यांनी ऐकला. धुरपदानं दुसऱ्यांदा उगारली तेव्हा त्या म्हाताऱ्या गाडीवानानंच तिचा हात धरला, आणि मग ती बैलासाठी रडायला लागली. पोलिसांची गाडी आली तेव्हा ती तशीच खाली बसून रडत होती, आणि पळून जायचं तिला सुचलं नाही.

पोपटराव आणि नकुशी दोघांना दौंडच्या दवाखान्यात आणलं. नकुशीचा खांदा बांधला. पोपटरावांचा जबडा मोडला होता, त्यांना बोलता येत नव्हतं, आणि वाचतील की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. सिंधूबाई, त्यांची बायको, दाराबाहेरच्या बाकावर बसून होती. गावातून निरोपावर निरोप येत होते, आणि एकाही निरोपात तब्येतीची चौकशी नव्हती. आबांनीच नंबर विकले, म्हणून मार खाल्ला, असं इनामगावात घरोघर झालं होतं. सिंधूबाईच्या धाकट्या जावेनं तर वाड्यात... नव्हे, भर चावडीवर म्हणून टाकलं की एवढ्या शेवंतीच्या मळ्याला पाणी कुठून येतं ते आता कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथआप्पा दवाखान्यात आले. पांढरे कपडे, हातात केळी. नकुशीच्या खाटेशी स्टूल ओढून बसले.

‘‘लागलं का गं लई?’’

नकुशीनं मान भिंतीकडं वळवली.

‘‘हे बघ. फौजदार दुपारी जबाब घ्यायला येनार हाय. यादी तुज्या पडद्यावर तशीच हुती, ती छापून त्यांना दिलीय मी. तिच्यात पोपटरावाचं नाव हाय. यंत्रानं दिलेलं नाव हाय, तू आन् मी दिल्यालं न्हाई. आन् गर्दीला नाव कुनी सांगितलं, ते कुनालाच आठवत न्हाई. मी इचारून बघितलं. सगळे म्हनत्यात, कालवा झाला, आपुआप कळलं.’’ त्यांनी एक केळ सोलून तिच्यापुढं धरलं. ‘‘तुजी नोकरी हाय. माहेरी जायची सोय न्हाई, सासरी जायची सोय न्हाई. कशाला कालवायचं मंग?’’

नकुशीनं केळ घेतलं. भूक लागली होती, खाल्लं. आप्पा समाधानानं उठून गेले.

ती दुपारपर्यंत छताकडं बघत पडून राहिली. छापलेल्या यादीत मधला रकाना असतोच, सात आकडा तिथं असणारच, पण तो दाखवणारं कुणी नसेल तर फौजदार तो कशाला वाचेल? तिनंसुद्धा पहिल्यांदा वाचला नव्हता. आणि नुसता सात दाखवला तर आप्पा म्हणणार, बाई सूड घेतीय, खरं तर हिनंच लोकांना नाव सांगितलं. आज नाही तर उद्या कुणाला तरी आठवणारच. मग तिचा शब्द कवडीमोल, आणि पोपटराव जगले तरी चोर आणि मेले तरी चोर.

फौजदार बाकाशेजारीच टेबल मांडून बसला. हवालदारानं कागद लावले. नकुशीला हाताला धरून बाहेर आणलं, सिंधूबाईच्या समोरच बसवलं, कारण दुसरी जागा नव्हती.

‘‘नाव?’’

‘‘नकुशी म्हस्कू.’’

‘‘काय झालं ते सांगा.’’

‘‘गर्दीला आबांचं नाव मी सांगितलं,’’ नकुशी म्हणाली. ‘‘कुनी आपुआप न्हाई कळलं. मी सांगितलं. त्या नावावर आमी सहाजन काम करतो, हे मला ठावं होतं. तरी मी एकट्या आबांचं नाव घेतलं. मला भ्या वाटलं म्हनून घेतलं.’’

हवालदाराचं पेन थांबलं. सिंधूबाई बाकावरून उठली. चपला दाराशी काढलेल्या होत्या, म्हणून तिनं नुसत्या हातानं मारलं. कानाखाली एक, तोंडावर एक, आणि तिसरा फटका त्या बांधलेल्या खांद्यावर. नकुशीच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. हवालदार मध्ये पडायला उठला, पण तिनंच चांगल्या हातानं त्याला खाली बसायची खूण केली. सिंधूबाई दमली, पदर तोंडात कोंबून तिथंच भिंतीला टेकली.

‘‘बास आता, जा आत,’’ फौजदार नकुशीला म्हणाला. ‘‘तुमचं झालंय लिहून.’’

नकुशीच्या ओठातून रक्त येत होतं. तिनं ते पुसलं आणि टेबलावरची छापील यादी स्वतःकडं ओढली.

‘‘न्हाई झालं, साहेब. माजं झालं,’’ ती म्हणाली आणि मधल्या रकान्यातल्या सातावर बोट ठेवलं. ‘‘आता आबांच्या नावात कोन शिरून बसलं हुतं ते लिवा.’’